एटापल्लीचे ६५ हजार दाखले आणि गॅसचा हिशेब

मार्च २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली उपविभागाचे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर जाणार, अशी बातमी आली. प्रणाली लेजिटडॉक, नेटवर्क पॉलिगॉन, दाखल्यावर क्यूआर कोड. बनावट दाखला चटकन पकडता येणार म्हणून कौतुक झालं, आणि ते रास्तच. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: ही नोंद करायला खर्च किती, आणि तो आधी कळतो का?

आमच्या वरोऱ्यात जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांगेत उभ्या असलेल्या पोराला दाखल्याची फी पाठ असते. ब्लॉकचेनची फी मात्र दर काही सेकंदांनी बदलते.

पिठाच्या गिरणीचं उदाहरण घ्या. दळणाचं वजन गुणिले किलोचा दर, झाले पैसे. इथे वजन म्हणजे 'गॅस', म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला किती काम करावं लागतं ते. फरक एवढाच, की गर्दी वाढली की या गिरणीचा दरही वाढतो.

वजन आधी काढता येतं. 'एस्टिमेट गॅस' अशी विनंती पाठवली की नोड तो व्यवहार आत्ताच्या स्थितीवर नुसता चालवून बघतो, नोंद करत नाही आणि आकडा सांगतो. हे फुकट असतं. पण अंदाज घेतल्यानंतर मधेच दुसऱ्या कुणाच्या व्यवहाराने कॉन्ट्रॅक्टमधला डेटा बदलला, तर आकडाही बदलतो. म्हणून गॅस लिमिट थोडी जास्त ठेवतात. उरलेल्या गॅसचे पैसे लागत नाहीत. उलट लिमिट कमी पडली, तर व्यवहार फसतो आणि अख्ख्या लिमिटची फी जाते. काम शून्य, बिल पूर्ण!

दराचं गणित जास्त चंचल आहे. ऑगस्ट २०२१ पासून इथेरियमवर एक 'बेस फी' असते, ती प्रत्येक ब्लॉकला जास्तीत जास्त १२.५ टक्के वर-खाली होते. ऐकायला थोडं वाटतं. पण आज ब्लॉक १२ सेकंदांचा आहे, आणि सलग दहा ब्लॉक भरगच्च गेले तर दोन मिनिटांत दर तिप्पट होतो. वॉलेटमधला 'मॅक्स फी'चा रकाना त्यासाठीच असतो. तो न बघता कन्फर्म दाबू नका.

आता ६५ हजार दाखले. कुठल्याही व्यवहाराला किमान २१,००० गॅस लागतो, आणि ३२ बाइटची नवी जागा लिहायला वर साधारण २२,०००. म्हणजे एका दाखल्याला ४३,०००. दर ५० ग्वेई धरू. ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग. सोयीसाठी ईथर २ लाख रुपयांचा मानला, तर एका दाखल्याला ४३० रुपये होतात. सगळ्यांचे जवळपास २ कोटी ८० लाख! तेच काम पॉलिगॉनवर, त्याच ५० ग्वेई दराने आणि तेव्हाचं टोकन मॅटिक १०० रुपयांना धरून, दाखल्यामागे साडेएकवीस पैशांत होतं. एकूण १४ हजार. गॅस तेवढाच, टोकन स्वस्त. इथेरियमऐवजी पॉलिगॉन का, याचं मोठं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

माझ्या मते याहून मोठी बचत नेटवर्कमध्ये नाही, रचनेत आहे. सगळ्या दाखल्यांचे हॅश जोडीजोडीने एकत्र करत गेलात, तर १६ पायऱ्यांत एकच हॅश उरतो. याला मर्कल ट्री म्हणतात. ब्लॉकचेनवर फक्त तो शेवटचा हॅश लिहायचा. मग महागड्या इथेरियमवरही ६५ हजार दाखल्यांची नोंद ४३० रुपयांत बसते, आणि प्रत्येक दाखल्यासोबत १६ हॅशचा पुरावा दिला की काम भागतं. म्हणजे अंदाज कोड लिहिण्याआधीच काढायला हवा. कन्फर्म बटणापाशी फार उशीर झालेला असतो.

सरकारी कामात अजून एक गुंता आहे. बजेट रुपयांत मंजूर होतं, फी टोकनमध्ये जाते. टोकनचा भाव वर्षभरात दुप्पट झाला तर फरक कुणी भरायचा, हे करारात लिहिलेलं हवं.

दाखला तपासायला मात्र गॅस लागत नाही, कारण ते नुसतं वाचणं आहे. नागपूरच्या कॉलेजने क्यूआर हजारदा स्कॅन केला तरी फी शून्य. खर्च परत उगवतो तो दाखला रद्द करताना. मर्कल ट्रीमधून एक पान खुडता येत नाही, त्यामुळे रद्द दाखल्यांची वेगळी यादी ठेवावी लागते, आणि तिच्यातली प्रत्येक भर हा नवा व्यवहार असतो, त्या दिवशीच्या दराने. सुरुवातीच्या अंदाजात हा आकडा बहुतेक वेळा धरलेलाच नसतो.