आजीच्या आजीचं नाव काय?

सुगी आटोपली आणि आमच्या दारात हेळवी आला. हेळवी म्हणजे घरोघरच्या वंशावळी सांगणारा. हल्लीच्या मुलींना तो माहीत नसेल, पण आपल्या लोहारा-उमरग्याकडच्या जुन्या घरांतून त्याला आजही पायलीभर ज्वारी घातली जाते. त्यानं वही उघडली आणि घडाघडा नऊ पिढ्या म्हणून दाखवल्या. सासऱ्यांचे आजे, पणजे, कोणी विहीर पाडली, कोण वाटणी करून वेगळा झाला... सगळं! मी सहज विचारलं, "आणि आमच्या आत्यांच्या आईचं नाव?" (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.) तो हसला. "आक्का, लेकीबाळींचं नाव कुठं असतंय वहीत?"

खरं सांगते, मला राग त्याचा नाही आला. मला आठवलं ते अलिबाग.

काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायकांबरोबर मी अलिबागला गेले होते. तिथं इस्रायल आळी आहे आणि त्या आळीत 'मागेन अबोथ' नावाचं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. आपल्याकडं ज्यू म्हटलं की हिटलर एवढंच आठवतं. पण कोकणातले बेने इस्रायल शेकडो वर्षं मराठी बोलत आलेत. बायका हिरव्या बांगड्या भरायच्या, मंगळसूत्र घालायच्या. नवसाला पोहे, खोबरं, साखर नि फळांचा 'मलिदा' करायच्या. त्यांचा एक सण तर चक्क 'खिरीचा सण'! पुरुष तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं नाव पाडलं 'शनवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'.

त्यांची कथा अशी सांगतात, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं. आज त्या जागी स्मारक आहे. वाचलेल्यांचे वंशज गावोगाव पांगले नि गावावरून आडनावं झाली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं आडनावही अलिबागजवळच्या झिराड गावचं. म्हणजे वंश शोधायला निघालं तर आडनावच बोट धरून गावापर्यंत नेतं. पण आडनाव कुणाचं? बापाचं नाहीतर नवऱ्याचं. त्या सात बायकांपैकी एकीचंही नाव कथेत उरलेलं नाही.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुर्दैवच. ज्यूंच्या धर्मशास्त्रात मूल ज्यू ठरतं ते आईवरून. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि आपले हे मराठी लोक मोठ्या संख्येनं तिकडं गेले. १९६२ साली तिथल्या धर्मपीठानं फर्मान काढलं, की बेने इस्रायलांपैकी कुणी बाहेरच्या ज्यूशी लग्न ठरवलं तर आधी त्याची आई ज्यू होती का, आईची आई होती का, असं जमेल तितकं मागं जाऊन तपासा. कोकणातल्या खेड्यातून गेलेल्या माणसानं पणजीचा दाखला कुठून आणायचा? लोक चिडले. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकापोरांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं त्यांची बाजू घेतली, तेव्हा कुठं धर्मपीठानं फर्मानातून त्यांचं नाव काढलं.

माझ्या मते ती तपासणी सरळसरळ अन्याय होता. पण त्यांच्यातही 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद होताच. बाप इस्रायली आणि आई इथली बाहेरची, तर लेकरं 'काळी'. म्हणजे घरात काय नि परदेशात काय, बोट शेवटी आईकडंच!

पुढं २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्यू वंश आणि भारतीय वंश, दोन्ही ठळक निघाले. भारतीय वाटा जास्त करून आला तो बायकांकडून. म्हणजे त्यांच्या कितीतरी पणज्या-खापरपणज्या कोकणातल्याच कुणाच्या तरी लेकी. जन्मानं त्या घरच्या नव्हत्या, तरी शनिवारी चूल न पेटवण्याचा नेम त्यांनीच पाळला, लेकरांना शिकवला. मला विचाराल तर धर्म त्यांनी राखला. आणि नाव मात्र कुठंच नाही.

जेरुसलेमला 'याद वाशेम' नावाची संस्था आहे. हिटलरनं मारलेल्या ज्यूंची नावं ती एकेका कागदावर गोळा करते. त्या कागदावर आईचं नाव विचारलेलं असतं, आणि तिचं माहेरचं आडनावसुद्धा. आपल्याकडं? २०२४ मध्ये राज्य सरकारनं कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक केलं, चांगलंच झालं. पण नाव तेवढं पहिलं, माहेरचं आडनाव नाहीच.

हे नुसतं हौसेचं काम आहे असं कुणी समजू नये. महाराष्ट्रात १९९४ मध्ये वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतका हक्क मिळाला. पण वारस नोंदीला गेल्यावर काय होतं? माहेरी ती 'सुमन', सासरी 'शोभा', शाळेचा दाखला तर काढलेलाच नाही. या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करता करता एका मावशींबरोबर मी एका कचेरीच्या अकरा खेपा घातल्या. सास्तूरकडं तर १९९३ च्या भूकंपात घरांबरोबर कागदांच्या ट्रंकाही गाडल्या गेल्या. नावं सांगणाऱ्या म्हाताऱ्याही गेल्या.

हेळवी गेला त्या रात्री मी मुलीची जुनी वही घेतली नि आत्यांजवळ बसले. आधी त्या म्हणाल्या, "आता कशाला गं मेलेल्यांची नावं?" मग सांगत गेल्या. त्यांची आई सोनाबाई. आईची आई गोदावरी, माहेर औश्याकडचं. गोदावरीची आई? आत्या खूप वेळ गप्प राहिल्या. "तिला सगळे 'थोरली' म्हणायचे. नाव... आमच्या किल्लारीच्या मावशीला माहीत असंल. नव्वदी ओलांडली तिनं. ऐकू कमी येतंय, पण डोकं शाबूत हाय."

रविवारी आम्ही दोघी किल्लारीला जाणार आहोत.