शब्दांची गंमत : लिंबाच्या सालीतला 'झेस्ट'

सातवीतल्या एका मैत्रिणीने पत्रातून मला चांगलंच पकडलंय! ती लिहिते, 'एन्थुझिअॅझम म्हणजे उत्साह, झील म्हणजे उत्साह आणि झेस्ट म्हणजेही उत्साहच! मग एवढे शब्द कशाला? आम्हाला पाठ करायला?'

नाही गं बाई! तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

एन्थुझिअॅझम मूळचा ग्रीक. 'एन्थिओस' म्हणजे ज्याच्यात देव संचारलाय तो. आपल्याकडचं 'अंगात येणं'च की! सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मवेड्या माणसांबद्दल हा शब्द नाक मुरडून वापरत. आज मात्र तो कौतुकाचा.

झीलही ग्रीक, 'जेलस' हा त्याचाच भाऊबंद. ध्येयाने पेटून कामाला लागणं म्हणजे झील. ती अति झाली की माणूस 'झेलट' होतो, म्हणजे कट्टर. मग तो दुसऱ्याचं ऐकतच नाही!

आणि झेस्ट? त्यासाठी स्वयंपाकघरात चला. लिंबू धुऊन किसणीवर अलगद फिरवा. फक्त वरची पिवळी साल किसा हं, खालचा पांढरा भाग कडू असतो. आला ना घमघमाट? सालीतल्या बारीक बारीक पिशव्यांत सुगंधी तेल असतं. स्वाद यावा म्हणून पदार्थात घालायच्या या सालीला फ्रेंचमध्ये 'झेस्त' म्हणतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीने तो शब्द उचलला. पुढे चव आणणारी कुठलीही गोष्ट झेस्ट झाली, आणि मग चव घेऊन जगण्याची वृत्तीही!

मराठीत तरी वेगळं काय? 'रस' उसाचा, आंब्याचा. आणि 'मला गणितात रस आहे' यातलाही!

आता वापर. 'शी हॅज अ झेस्ट फॉर लाइफ', म्हणजे ती रसरसून जगते. आवड सांगताना बहुधा 'फॉर' येतो. 'झेस्ट ऑफ अ लेमन' म्हणालात तर पुन्हा सालच हातात! उच्चार 'आवाज'मधल्या 'ज'सारखा. 'झेंडा'तला 'झ' नव्हे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. झेस्टला आरडाओरडा लागत नाही. सहलीत सगळ्यांत पुढे नाचणारा मुलगा उत्साही, हे कुणीही सांगेल. पण कोपऱ्यात बसून तासभर मुंग्यांची रांग बघणारी मुलगी? तिच्याकडे झेस्ट आहे! आईबाबांनो, 'आमच्या मुलाला कशाचा उत्साहच नाही' असं म्हणण्याआधी तो गुपचूप कशात रमतो, तेवढं जरा बघाल?

आणि दोस्तांनो, तुम्ही चवीने करता असं एक काम 'झेस्ट' वापरून एका वाक्यात लिहा. आईला लिंबू मात्र परत द्या!

भेटू पुढच्या आठवड्यात.