नियम वायरला हवा, सणाला नको!

दसरा झाला की आमच्या सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागते. 'जिन्यात आकाशकंदील, माळा लावू नयेत. रात्री अकरानंतर दिवे बंद करावेत.' पहिल्यांदा ती लागली तेव्हा मीच म्हटलं होतं, बरं झालं बाई! कारण त्याच दिवाळीत शेजारच्या वहिनी गॅलरी धूत होत्या. लोखंडी कठड्याला गुंडाळलेल्या माळेची वायर एका ठिकाणी सोललेली. ओला हात लागला आणि असा झटका बसला की बादली एकीकडे, वहिनी दुसरीकडे. नशीब, तेवढ्यावरच निभावलं.

म्हणजे नियम हवाच. पण पुढची गोष्ट ऐका.

तिसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहते. गेल्या डिसेंबरात तिने दाराबाहेर नाताळची चांदणी लावली. लाल कागदाची, आत एक छोटासा दिवा. दुसऱ्याच दिवशी समितीतले काका वर गेले. "नोटीस वाचली नाही का?" तिने मुकाट्याने चांदणी उतरवली. मी दारातच उभी होते. माझा कंदील त्याच जिन्यात, तशीच घरातून वायर काढून, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लटकत होता. मला कुणी हटकलं नव्हतं. तरीही मी गप्प बसले. आपल्याला काय करायचंय, नाही का?

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा तीच म्हणाली, "वहिनी, आमच्यात तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत चांदणी ठेवतात. मग ठेवली घरातच, स्वयंपाकघराच्या खिडकीत." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला जास्त लागलं.

मैत्रिणींनो, मला वाटतं नियमाने वायर बघावी, सण बघू नये. वायर सोललेली नको, जोड उघडा नको, लोखंडी कठड्याला माळ गुंडाळायची नाही. एकाच सॉकेटमध्ये चार पिना खुपसायच्या नाहीत. जिन्यातली ये-जा अडता कामा नये. वीज आपल्याच मीटरची हवी. रस्त्याच्या खांबावर आकडा टाकणं ही 2003च्या वीज कायद्याप्रमाणे सरळसरळ चोरी आहे, मग रोषणाई कितीही मंगल असो! आणि सणानंतर किती दिवसांत उतरवायचं, ते दिवस सगळ्यांना सारखे. दिवाळीला, नाताळला, ईदलाही.

लाउडस्पीकरचंच बघा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवायला सांगितलं. सरकार ठरवतं ती मोजक्या दिवसांची सवलत सोडली, तर तो नियम मांडव कुणाचा हे विचारत नाही. मग आपल्या जिन्यातल्या नियमानेच का विचारावं?

आणखी एक. गॅलरी धुतो आपण, माळा पुसून डब्यात ठेवतो आपण, झटकाही बसतो आपल्यालाच. नियम मात्र कोण करतं? सहकार कायद्याने समितीत दोन जागा बायकांसाठी ठेवल्या आहेत. आमच्याकडे त्या जागांवर दोन नावं आहेतही. सह्या घरी येऊन नेतात. सभेला आपण असतोच की, चहाचा ट्रे घेऊन!

यंदा सभेला मी ट्रे न घेता जाणार आहे. नोटिशीत 'सर्व सणांसाठी' हे दोन शब्द घाला, आणि ती आधी माझ्या कंदिलाला लावा, असं सांगणार आहे. काका रागावतील. घरातूनही 'तुला कशाला नसती उठाठेव' ऐकावं लागेल. ऐकून घेईन. कंदील यंदा मी गॅलरीत, आतल्या बाजूला लावलाय. तिथूनही उजेड पडतो हो!

तुमच्याही जिन्यात असा एखादा फळा असेल. त्यावरचा नियम कुणाच्या दारापर्यंत जातो आणि कुणाच्या दाराशी थांबतो, एकदा बघा तर खरं.