हलक्या चाकांचे वजन

मराठीत ‘हलका’ या विशेषणाला फारशी प्रतिष्ठा नाही. हलक्या प्रतीचे कापड, हलक्या कानाचा मनुष्य, हलकी कामे ही सारी खालच्या पायरीवरची मंडळी (‘हलकट’ तर सोडूनच द्या). समाजात ज्याचे चालते तो ‘वजनदार’. सायकलींच्या दुकानात मात्र ही उतरंड उलटी होते. तिथे वस्तू जितकी हलकी तितकी किंमत भारी, आणि ‘हलके’ हा शब्द विक्रेता जवळजवळ आदरार्थी उच्चारतो. भाषेच्या माणसाने अशा जागी सावध व्हायला हवे होते. प्रस्तुत लेखक झाला नाही, निदान लगेच नाही.

माझी सायकल हायब्रिड, म्हणजे नावाप्रमाणेच संकरित: डोंगरी सायकलीचे सरळ हँडल आणि रस्त्यावरच्या सायकलीची मोठी चाके. नऊ वर्षे ती मला कोथरूडहून चांदणी चौकापलीकडच्या महाविद्यालयात नेते आहे. कोथरूड डेपोपासून चौकापर्यंतच्या चढाला पूर्वी मला दहा मिनिटे लागत, आता बारा लागतात. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने याचे कारण कुठे शोधावे हे खरे तर उघड आहे. पण मी ते चाकांत शोधले. दुकानदारही म्हणाला, ‘सर, चाकं बदला, सायकल उडायला लागेल.’ किंमत बावीस हजार. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात महिन्याकाठी याहून कमी पडते, हे मला आठवले. पण आठवणे आणि थांबणे यांत अंतर असते.

अतिशयोक्ती अलंकार वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला ‘उडायला लागेल’ हे ओळखता येते. फसवते ते त्यामागून येणारे, शास्त्राच्या पेहरावातले वाक्य: ‘चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे सांगाड्यावरचे दोन ग्रॅम.’ हे वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. संस्कृतात चाकाच्या कडेला नेमि म्हणतात. मेघदूतातल्या प्रसिद्ध दृष्टान्तामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा. नेमीवरचे वजन सायकलीबरोबर पुढे जाते आणि त्याच वेगाने आसाभोवती फिरतेही. त्यामुळे सायकलीला वेग देताना ते दोनदा मोजावे लागते, एकदा पुढे नेण्यासाठी आणि एकदा फिरवण्यासाठी. पण हे फक्त वेग वाढत असताना. एकसारख्या गतीने चढ चढताना ते इतर कोणत्याही वजनासारखे एकदाच मोजायचे. आणि जे वजन नेमीवर नसून मध्यभागी हबमध्ये कमी झाले आहे, ते वेग घेतानाही दुप्पट होत नाही. जाहिरात यातले पहिले वाक्य सांगते आणि पुढचा परिच्छेद गाळते. अवतरण अर्धवट देणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो.

भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने कोऱ्या पुरवणीवर हिशेब मांडून दिला. मी, सायकल आणि दप्तर मिळून नव्वद किलो. नव्या चाकांनी वाचणार होते अर्धा किलो, म्हणजे एकशे ऐंशीवा भाग. हवेचा अडथळा सोडून दिला तरी बारा मिनिटांच्या चढात वाचणार चार सेकंद. सिग्नलवरून सुटताना फायदा फार तर एक किलोइतका. पाण्याची लिटरची बाटली घरी विसरलो तर तितकाच होतो. शर्यतीत चार सेकंदांना अर्थ असतो. मला पहिल्या तासाला पोहोचायचे असते, आणि वर्गात पहिली चार मिनिटे हजेरीतच जातात.

तरीही अनुभवाचे काय, हा प्रश्न उरलाच. एका माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या हायब्रिडसाठी अशीच चाके घेतली होती. ‘सर, आठवडाभर वापरून बघा,’ म्हणून त्याने ती टायरांसकट मला दिली. सायकली सारख्याच असल्यामुळे ती बसली, नाहीतर तेही सोपे नसते. हायब्रिडच्या मागच्या हबची रुंदी बहुधा १३५ मिमी असते, तर रिमब्रेकच्या शर्यती सायकलींची १३०. स्वस्त सायकलींत दातेरी चकत्यांचा गठ्ठा हबवर आट्यांनी घट्ट केलेला असतो, महागात तो सरकवून बसवतात. ब्रेक डिस्कचे की रिमचे, हे वेगळेच. चाक विकत घेतले आणि बसलेच नाही, असेही होते.

पहिल्या दिवशी मी खरोखर उडालो. सायकल हाताला चपळ लागली, वळणावर आपणहून झुकली, स्टाफरूममध्ये मी दोघांना ते ऐकवलेही. चौथ्या दिवशी शंका आली. त्याचे टायर होते २८ मिमीचे, पातळ, हवा ठासून भरलेले. माझे ३८ मिमीचे, जाड, आणि (हे लिहिताना लाज वाटते) महिनाभर हवा न पाहिलेले. त्याच महागड्या रिमांवर माझे जुने टायर तसेच कमी हवेवर चढवून पाहिले. जादू उतरली. उरले ते माझ्या मांड्यांना ओळखीचे होते.

म्हणजे मला जे जाणवले ते खरे होते. त्याचे श्रेय मी भलत्याला देत होतो. टायर रस्त्याला टेकताना दबतो, पुन्हा फुगतो, आणि प्रत्येक दबण्यात थोडी ताकद उष्णता होऊन जाते. जाड, ताठ रबरात ती जास्त जाते, हवा कमी असली की आणखी. शिवाय टायर चाकाच्या सर्वांत बाहेरच्या कडेला असतो, तेव्हा वजनच कमी करायचे तर ते आधी तिथे करावे.

सातव्या दिवशी परतीच्या उतारावर मागचे चाक खड्ड्यात आपटले आणि एक स्पोक तुटला. त्या चाकात स्पोक चोवीसच. चाक असे वाकडे झाले की सांगाड्याला घासू लागले. सायकल हाताने ढकलत आणली. माझ्या जुन्या छत्तीस स्पोकांच्या चाकात एक तुटून मी दोन दिवस नकळत फिरलो आहे. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी तुटका तुकडा हातात घेऊन पाहिला. चपटी तार. ‘असली आपल्याकडे नसते, सर.’ ती मागवून येईपर्यंत तीन आठवडे गेले. विद्यार्थी एक शब्दही बोलला नाही, त्याने मला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याचे ‘द बायसिकल व्हील’ (१९८१) हे पुस्तक मी या प्रकरणानंतर वाचले. ते चाकावरचे असले तरी मला वाचनाविषयीचे वाटले, इतके ते उघड दिसणाऱ्या गोष्टीवर अविश्वास ठेवायला शिकवते. बैलगाडीचे चाक लाकडी आऱ्यांवर उभे असते, हे कोणालाही कळते. खालचा आरा दाब सोसतो. सायकलीचा स्पोक म्हणजे बारीक तार. ती दाबली तर वाकेल. म्हणून वाटते की हब वरच्या तारांना टांगलेला असणार. ब्रँट म्हणतो, नाही. साऱ्या तारा आधीच जबर ताणलेल्या असतात. भार आला की खालच्या तारांचा ताण कमी होतो, वरच्यांचा जवळजवळ तितकाच राहतो. म्हणजे हब खालच्या तारांवरच उभा असतो, फक्त त्या आधीच्या ताणातून थोडे देऊन त्याला पेलतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैल होते, पुन्हा ताणली जाते. तारा कमी केल्या की हे चढउतार थोड्यांच्या वाट्याला अधिक येतात, आणि थकलेली तार बहुधा हबपाशी, वाकवलेल्या जागी तुटते. माझी तिथेच तुटली होती.

बावीस हजार खर्च झाले नाहीत. साडेचार हजारांत ३५ मिमीचे हलके, घडी घालता येणारे टायर आणि ट्यूब घेतल्या; दोन्ही चाकांचे मिळून अर्ध्या किलोच्या आसपास वजन कमी झाले, तेही थेट नेमीवरचे. (तेव्हापासून दोनदा पंक्चर झाले आहे, जाड रबराला काही अर्थ होता.) मग जुनी चाके मिस्त्रींकडे नेऊन आऊट काढून घेतला. ते किल्ली लावण्याआधी दोन-दोन तारा चिमटीत दाबतात, छेडतात, आवाज ऐकतात, आणि जिचा सूर उतरला असेल तिच्या निपलला अर्धा आटा देतात. छत्तीस तारा, दोन चाके, पाऊण तास. मी स्टुलावर बसून पाहत होतो. मागितले एकशे वीस रुपये.

‘या चाकांना अजून काही झालेलं नाही, सर,’ हात पुसत ते म्हणाले. मग माझ्या गुडघ्याकडे पाहून, ‘तुम्ही सीट मात्र बोटभर वर घ्या.’

घेतली. चढाला अजूनही बारा मिनिटे लागतात. गुडघा दुखायचा थांबला आहे.