पिंजरा बदलला की व्यसनही बदलते

अमली पदार्थांच्या अतिसेवनाने अमेरिकेत २०२२ साली एक लाख सात हजारांहून अधिक लोक दगावले. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मृत्यूंमागे फेंटानिल, हेरॉईन यांसारखी ओपिऑइड गटातील द्रव्ये होती. भारतात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्स'च्या राष्ट्रीय पाहणीत या गटातील द्रव्ये घेणाऱ्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात आढळली. या व्यसनाविषयीच्या वैद्यकीय ज्ञानाचा मोठा भाग प्रयोगशाळेतील उंदरांकडून आला आहे. त्यामुळे ते उंदीर नर होते की मादी आणि ते कसे राहत होते, हा प्रश्न किरकोळ ठरत नाही.

रूढ चाचणी साधी आहे. पेटीच्या एका कप्प्यात उंदराला मॉर्फीन टोचतात, दुसऱ्यात केवळ मिठाचे पाणी. काही दिवसांनी काहीही न टोचता मधले दार उघडतात. प्राणी मॉर्फीनच्या कप्प्यात अधिक रेंगाळला, तर सुखाची सांगड त्या जागेशी घालायला तो शिकला, असे मानले जाते. व्यसन सोडलेल्या माणसाला जुना अड्डा दिसताच तलफ येते, त्यामागेही असेच शिक्षण असते.

मात्र शिकणारा बहुधा नरच असे. मेंदूविज्ञानातील २००९ च्या शोधनिबंधांची छाननी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ माद्यांवरील प्रत्येक अभ्यासामागे केवळ नरांवरचे साडेपाच अभ्यास, असे प्रमाण तीत निघाले. माद्यांच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्ष विस्कळीत होतात, हे त्याचे समर्थन होते. २९३ निबंधांच्या २०१४ मधील आढाव्याने तेही फोल ठरवले. माद्यांमधील चढउतार नरांपेक्षा अधिक नव्हते. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी अनुदानित संशोधनात लिंगभेदाचा विचार अपेक्षित धरला. कळ दाबून द्रव्य मिळवण्याच्या अनेक प्रयोगांत माद्या नरांहून अधिक ओपिऑइड घेताना दिसल्या आहेत. जागेच्या चाचणीत मात्र चित्र एकसारखे नाही.

दुसरा दुर्लक्षित घटक परिसराचा. कॅनडातील ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७८ मध्ये दाखवले, की प्रशस्त जागेत सोबत्यांसह राहणारे उंदीर एकट्या पिंजऱ्यातील उंदरांपेक्षा कमी मॉर्फीन पितात. पुढे सर्वांनाच तसा निष्कर्ष मिळाला नाही. कॅनडातीलच शेपर्ड सीगल यांचा १९८२ मधील प्रयोग अधिक बोलका आहे. हेरॉईनला सरावलेल्या उंदरांना मोठी मात्रा दिल्यावर सवयीच्या जागी सुमारे ३२ टक्के, तर अनोळखी जागी ६४ टक्के दगावले. मात्रा तीच, बदलली ती केवळ जागा. व्हिएतनाममध्ये हेरॉईनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात सुमारे पाच टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले, हे ली रॉबिन्स यांनी सत्तरच्या दशकात नोंदवले होते. तो अभ्यासही पुरुषांचाच होता.

उंदरांवरील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरेच. तरीही व्यसनमुक्ती केंद्रांसाठी यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. शरीरातून द्रव्य बाहेर काढणे ही उपचाराची केवळ सुरुवात होय. रुग्ण परत कोणत्या घरात, कोणत्या वस्तीत जाणार, आणि तो रुग्ण स्त्री आहे की पुरुष, याची दखल न घेणारा उपचार एकट्या पिंजऱ्यातील नर उंदरासाठीच आखलेला असेल.