बॅटरीवरच्या घरातील दिव्यांचा ताळेबंद



सिंदी मेघे येथील आमच्या राहत्या घरी वीज आहे. ती गेली तर इन्व्हर्टर आहे. त्यामुळे अंधार म्हणजे काय, याचा विसरच पडावा अशी स्थिती. परंतु येथून बारा किलोमीटरवर आमचे थोडे शेत आहे. तेथे दोन खोल्या व ओसरी असलेल्या घरात आमचे सालदार सहकुटुंब राहतात. विजेचा खांब शेतापासून बराच दूर असल्याने चार वर्षांपूर्वी मी तेथे सौर पॅनेल व बॅटरी बसविली. त्या व्यवस्थेत माझ्याकडून दोन चुका झाल्या. आयुष्यभर बँकेत इतरांचे ताळेबंद तपासणाऱ्या माणसाने स्वतःचा हिशेब कसा चुकविला, ते आज सांगतो. अशी व्यवस्था करू इच्छिणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

पहिली मांडणी अशी होती: ७५ वॉटचे पॅनेल, १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासांची बॅटरी, एक छोटा इन्व्हर्टर आणि नेहमीचे ९ वॉटचे तीन एलईडी बल्ब. तीन बल्ब रोज पाच तास लावले तर खर्च १३५ वॉट-तास. पॅनेलमधून चांगल्या उन्हात, गळती वजा जाता, दोनशेच्या वर वॉट-तास मिळत. जमा अधिक, नावे कमी. मी निश्चिंत झालो. पण दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी निकामी झाली.

कारण नंतर उमगले. इन्व्हर्टर बॅटरीतील वीज २३० व्होल्टची करून देतो, आणि एकही दिवा लागलेला नसताना तो स्वतःसाठी वीज घेत राहतो. आमचा सुमारे १० वॉट घेत होता. चोवीस तासांचे २४० वॉट-तास झाले. दिव्यांना १३५ आणि दलालाला २४०! मुद्दलापेक्षा दलाली मोठी असलेले खाते किती दिवस चालणार? बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी होत होती, आणि लेड-ॲसिड बॅटरीला तेच सर्वांत घातक. तिच्या साठ्यातील साधारण निम्माच भाग रोजच्या व्यवहाराचा असतो. उरलेला निम्मा मुदत ठेवीसारखा राखावा लागतो.

नवी बॅटरी आणली. आता इन्व्हर्टरच नको, १२ व्होल्टचे दिवे थेट बॅटरीवर लावू, असे ठरविले. येथवर विचार योग्य होता. पण दिवे घेताना मी बाजारातील सर्वांत स्वस्त एलईडी पट्ट्या घेतल्या आणि घरात पडून असलेली घंटीची बारीक तार वापरली. काही शेकडा रुपये वाचले, याचे समाधानही वाटले. स्वयंपाकघरातील पट्टी चार महिन्यांत गेली. मागोमाग खोलीतली गेली.

सालदारांची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. मी गेलो तेव्हा ती मोबाइलचा टॉर्च डब्याला टेकवून गणिते सोडवीत होती. मी दिव्याविषयी विचारताच म्हणाली, "आजोबा, चालते ना, टॉर्च हाय." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. मी वाचविलेले पैसे तिच्या डोळ्यांच्या खात्यातून गेले होते.

तेव्हा विषय मुळातून समजून घेतला. पांढऱ्या एलईडीच्या एका कणिकेला सुमारे ३ व्होल्ट लागतात. स्वस्त पट्टीत अशा तीन कणिका ओळीने जोडून उरलेला सुमारे ३ व्होल्टचा दाब एका साध्या रोधावर सोडलेला असतो. बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात खरी, पण चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत चढते. मग रोधावर ३ ऐवजी ५ व्होल्टच्या वर दाब येतो आणि कणिकेतून जाणारा प्रवाह दीडपटीच्याही पुढे जातो. आमचे स्वयंपाकघर अंधारे असल्याने तेथला दिवा भरदुपारी, म्हणजे बॅटरी चार्ज होतानाच, जळत असे. तो प्रथम का गेला, हे कोडे सुटले. यावर उपाय म्हणजे आत ड्रायव्हर असलेला दिवा. ड्रायव्हर म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी एलईडीला ठराविकच प्रवाह देणारे छोटे मंडल. दिव्यावर "१० ते ३० व्होल्ट डीसी" असा पल्ला छापलेला असेल, तोच घ्यावा. केवळ "१२ व्होल्ट" एवढ्यावर समाधान मानू नये.

दुसरा मुद्दा तारेचा. २४ वॉटच्या दिव्यांना २३० व्होल्टवर जेमतेम दशांश अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर तोच २ अँपिअर होतो. दिवे बॅटरीपासून १५ मीटरवर असतील तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेत दोनहून अधिक व्होल्ट वाटेतच खर्च होतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. कमी दाबाची वीज दूरच्या प्रवासाला निघत नाही. आपल्या रेल्वेच्या डब्यांतील दिवे पूर्वी २४ व्होल्टवर चालत, पुढे ११० व्होल्टची व्यवस्था आली. लांब डब्यात दाब वाढविला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो. म्हणून १२ व्होल्ट लहान घरासाठी ठीक, आणि बॅटरी घराच्या मध्यभागाजवळ असावी.

तिसरा मुद्दा आगीचा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. परंतु दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि तार लाल होते. आमच्या भागात दिवाळीनंतर घराघरांत कापूस भरलेला असतो. तेथे एक ठिणगी पुरे. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावरच फ्यूज हवा. १२ व्होल्टसाठी २३० व्होल्टचे सॉकेट कदापि वापरू नये. कोणी भलतेच उपकरण भलत्या जागी जोडील.

आता तेथील सध्याचा हिशेब. अभ्यासाचा दिवा ७ वॉट, चार तास: २८. स्वयंपाकघर ५ वॉट, चार तास: २०. ओसरी ३ वॉट, पाच तास: १५. रात्रीचा मिणमिणता दिवा अर्धा वॉट, नऊ तास: साडेचार. मोबाइल चार्जिंग सुमारे १२. एकूण ८० वॉट-तास. बॅटरीत ४८० वॉट-तास. त्यातील निम्मे, २४०, वापरायचे. म्हणजे सूर्यदर्शन न होता तीन दिवस निघतात. श्रावणातल्या झडीसाठी ही तरतूद आवश्यकच असते. पॅनेल तेच, बॅटरी तेवढीच. फक्त मधला दलाल गेला आणि प्रत्येक दिव्याला त्याचे काम नेमून दिले.

दिवा निवडताना वॉट पाहू नयेत, ल्युमेन पाहावेत. वॉट हा खर्च आहे, ल्युमेन हे उत्पन्न. जुन्या ४० वॉटच्या तारेच्या बल्बचा उजेड साधारण ४०० ल्युमेन. चांगला एलईडी तेवढा ४-५ वॉटमध्ये देतो. हे शक्य झाले ते निळ्या एलईडीच्या शोधामुळे. त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रंगाचा आकडा केल्व्हिनमध्ये असतो. अभ्यासाला ४००० चालतो. ओसरीसाठी २७०० ते ३००० चा पिवळसर प्रकाश घ्यावा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे कीटक अधिक झेपावतात, पिवळसर प्रकाशाकडे कमी. चातुर्मासात दिव्याभोवती होणारी जीवहानी आपल्याला अस्वस्थ करते. ती टाळण्याचा हा सोपा मार्ग आहे. हवा तेथेच आणि हवा तेवढाच उजेड ठेवला, तर बॅटरीही जपली जाते आणि जीवही.

शासनानेही दुर्गम घरांसाठी हाच मार्ग निवडला होता. २०१७ च्या सौभाग्य योजनेत, जेथे तारा पोचणे कठीण तेथे, २०० ते ३०० वॉटचा सौर संच, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा व एक डीसी सॉकेट, आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. यातील शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वस्तू एकदा घेऊन भागत नाही. तिचे खाते रोज पाहावे लागते.

ज्यांच्या घरी वीज व इन्व्हर्टर दोन्ही आहेत, त्यांनी हे वाचून घरातील वायरिंग उपटू नये. पंखे, दूरदर्शन संच, फ्रीज २३० व्होल्टचेच राहू द्यावेत. जिना व न्हाणीघर अशा ठिकाणी मात्र ड्रायव्हर असलेला १२ व्होल्टचा एकेक दिवा फ्यूजसह बॅटरीवर घ्यावा. इन्व्हर्टर बिघडला तरी घरातील वृद्ध मंडळी अंधारात पडणार नाहीत. आमच्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात बॅटरी सावलीत व वाऱ्याच्या जागी ठेवावी, आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी महिन्यातून एकदा पाहावी.

शेतावरच्या घरी आता दाराआड एक वही टांगलेली असते. सालदारांची मुलगी रोज सूर्योदयापूर्वी, दिवे मालवल्यावर, मीटरवरचा आकडा त्यात लिहिते. बॅटरी स्वस्थ असताना १२.७ म्हणजे खाते भरलेले, १२.२ म्हणजे निम्मे. आकडा १२.२ च्या खाली गेला की त्या रात्री ओसरीचा दिवा लागत नाही. अभ्यासाचा मात्र लागतो. हा नियम तिनेच ठरविला आहे. गेल्या आठवड्यात मी वही चाळली. एकही दिवस कोरा नव्हता, आणि खाडाखोडही नव्हती.