खरखर कोणाची?

जुन्या वस्तूवर धूळ दिसली की काही मंडळींचे हात शिवशिवू लागतात. देवघरातला तांब्या लख्ख घासावा, त्याला कोणाची ना नाही. पण घासता घासता वरची नक्षीच निघून गेली, तर त्या घासणाऱ्याला काय म्हणावे? अमेरिकेतील जुन्या ब्लूज गाण्यांच्या तबकड्यांची जी सफाई चालते, ती ऐकून माझ्या मनात हाच प्रश्न येतो. आणि दिवाळीच्या फराळात थोडे तिखटही लागते, म्हणून तो येथे विचारतो.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतील काळ्या, कष्टकरी लोकांचे गाणे. मिसिसिपीचा चार्ली पॅटन १९२९ च्या जूनमध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी पहिल्यांदा गायिला. ही कंपनी कोणाची? विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याची! ग्रामोफोनची लाकडी पेटी खपवायची तर तबकड्याही हव्यात, एवढाच या शेटजींचा संगीताशी ऋणानुबंध. तबकडीला लाख लागे. जगाला ती मुख्यत्वे आपल्या देशातून, पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडून जाई. पण लाख महाग. तेव्हा शेटजींनी मिश्रणात हलकी भर घातली, आणि पॅरामाउंटची तबकडी नवी कोरी असतानाही खरखरू लागली. त्यावर गिऱ्हाइकाच्या घरची पोलादी सुई वर्षानुवर्षे फिरली. पुढे मंदीत धंदा बुडाला, धातूचे मूळ साचे बहुतेक नाहीसे झाले, १९३४ मध्ये पॅटनही गेला. उरल्या त्या लोकांच्या घरांत सापडलेल्या झिजक्या तबकड्या. काही गाण्यांच्या तर एकदोनच.

म्हणजे खरखर पॅटनची नव्हे, ती कंजूषपणाची. म्हणूनच, ‘खरखर हाच ब्लूजचा आत्मा, तिला हात लावू नका’ असे डोळे मिटून सांगणारे रसिकही मला मान्य नाहीत. दुसऱ्याच्या फाटक्या सदऱ्यावर कविता करणे सोपे असते.

तबकडी स्वच्छ धुवावी. खाचेचा जो भाग पूर्वीच्या सुईने झिजविलेला नाही, तेथे टेकेल अशा जाडीची सुई निवडावी. फिरण्याचा वेग गाण्याच्या पट्टीशी ताडून पाहावा. ओरखड्यांचे ‘टक् टक्’ एकेक करून काढावेत. इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस हे गृहस्थ तर ध्वनिफितीवरचा त्या ‘टक्’चा ठिपका पात्याने खरवडून काढीत! याला मी सेवा म्हणतो.

माझे भांडण आहे ते यापुढच्या उत्साहाशी. तबकडीची सततची ‘सूं’ हा एखादा डाग नव्हे. ती सगळ्या गाण्यात मिसळलेली असते, आणि कानाला अधिक जाणवते ती वरच्या स्वरांत. नेमकी तेथेच ‘स’, ‘च’, ‘त’ ही व्यंजने राहतात, तारेवरचे नख राहते, गिटारीवर घासत जाणाऱ्या काचेची किंवा धातूची धार राहते. यंत्र अदमासाने वजाबाकी करते. त्याला पॅटनची ओळख थोडीच असते? मग आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, आणि वेष्टनावर छापलेले असते, ‘जणू कालच गायिलेले!’ कोण गायिले काल? पॅटनचे घोगरे शब्द मुळातच अस्पष्ट. त्यातल्या एकेका शब्दावर जाणकारांचे वाद आहेत. व्यंजने पुसली की वाद मिटलाच, कारण वाद घालायला शब्दच उरत नाही. निबंधातले ऱ्हस्वदीर्घ मीही सुधारतो. पण मुलाची वाक्ये खोडून स्वतःची घालणाऱ्या मास्तराने खाली मुलाचे नाव ठेवू नये.

कोणी म्हणेल, घरच्या माणसांना खरखर सोसत नाही. खोटे आहे! आपल्या आजीआजोबांनी बालगंधर्वांची पदे अशाच तबकड्यांवर ऐकली आणि डोळे पुसले. कान दोन मिनिटांत खरखरीला मागे सारतो आणि गाणाऱ्याला पुढे घेतो. त्याला तेवढी दोन मिनिटे मात्र द्यावी लागतात.

तेव्हा विकणाऱ्यांनी सफाई केलेले गाणे खुशाल विकावे, पण त्याच्या शेजारी न घासलेली नक्कलही द्यावी, आणि काय काय काढले ते वेष्टनावर लिहावे. लाखेची तबकडी हातून निसटली की फुटते. ती एकुलती एक असेल आणि मागे फक्त घासलेली नक्कल राहिली असेल, तर पॅटनचा गेलेला ‘स’ कोणतेही यंत्र परत आणून देणार नाही.